बंदुका थांबल्या, आता भीतीची मोजणी करा

मा. डॉ. मोहन यादव, मुख्यमंत्री, मध्य प्रदेश,
आणि मा. देवेंद्र फडणवीस, मुख्यमंत्री, महाराष्ट्र,
यांना खुले पत्र



डिसेंबर २०२५ मध्ये बालाघाट जिल्ह्यातले उरलेसुरले माओवादी शरण आले आणि मध्य प्रदेश नक्षलमुक्त झाल्याची घोषणा झाली. त्याआधी ऑक्टोबरमध्ये गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह शस्त्रं खाली ठेवली होती. मी याच बालाघाट जिल्ह्यात, मलाजखंडला राहते. इथल्या शाळेत शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तांब्याच्या खाणीमुळे आमच्या गावाचं नाव भूगोलाच्या पुस्तकात गेलं आणि पुढे जंगलात फिरणाऱ्या माओवाद्यांच्या एका दलमनेही, म्हणजे सशस्त्र तुकडीनेही, तेच नाव घेतलं. त्यामुळे या बातमीचं मोल आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. या कामी ज्यांनी जीव दिला, त्या जवानांचं ऋण आमच्यावर आहे. आपल्या दोघांचंही मनापासून अभिनंदन.

आता या पट्ट्यात रस्ते होतील, मोबाइलचे मनोरे उभे राहतील, शाळांना मास्तर मिळतील, शरण आलेल्यांचं पुनर्वसन होईल, असं आम्ही ऐकतो आहोत. हे सगळं व्हायलाच हवं. पण तीस-पस्तीस वर्षं जी माणसं दोन बंदुकांच्या मधोमध राहिली, त्यांच्या मनाचं काय झालं, हा प्रश्न या यादीत कुठेच नाही. हे पत्र त्यासाठी आहे. माझं मागणं एका वाक्यात सांगायचं तर असं: या पट्ट्यातल्या सामान्य माणसांच्या मनात राहिलेल्या भीतीची मोजणी करा, आणि ती करताना बायकांना वेगळं विचारा, पुरुषांना वेगळं विचारा. कारण एकाच रात्रीने दोघांना दोन वेगळे आजार दिले आहेत.

पत्र दोघांच्या नावे लिहिते, त्यालाही कारण आहे. माओवाद्यांनी महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून एकच 'एमएमसी झोन' केला होता, कारण जंगल एकच आहे. महाराष्ट्रातल्या सालेकसा-दरेकसापासून आमच्या लांजी-बैहरपर्यंत डोंगर कुठे तुटत नाही आणि नातीगोतीही तुटत नाहीत. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूरच होती. आजही इकडचा माणूस जास्त आजारी पडला की गाडी गोंदियाकडे नाहीतर नागपूरकडे वळते. एक राज्य मोजणी करील आणि दुसरं करणार नाही, तर अर्धं दुखणं सीमेपलीकडेच राहील.

कायद्याच्या भाषेत इथे युद्ध झालं नाही. पण १५ डिसेंबर १९९९ च्या रात्री किरनापूर तालुक्यातल्या सोनपुरी गावात मध्य प्रदेशचे परिवहनमंत्री लिखीराम कावरे यांना घराबाहेर ओढून मारलं गेलं, ती बातमी आमच्यापैकी कुणीही विसरलेलं नाही. ज्या जिल्ह्यात मंत्र्यालाही स्वतःच्या अंगणात जीव वाचवता आला नाही, तिथे टोल्यावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, बैगा किंवा गोंड आदिवासी कुटुंबाने रात्री कशा काढल्या असतील? दलमवाले येत, भात मागत. नाही म्हणायची सोय नसे. दुसऱ्या दिवशी वर्दीवाले येत आणि भात का दिला ते विचारत. त्यालाही उत्तर नसे. 'मुखबिर', म्हणजे खबऱ्या, हा एक शब्द कुणाच्या नावापुढे लागला की त्या घराचे दिवस भरले.

आमच्या शाळेत दुपारचं जेवण रांधायला एक बाई येत असे. गाव सांगत नाही, नाव तर नाहीच. खाणीत सुरुंग उडवला की वर्गाच्या खिडक्या थरथरत. पोरांना त्याची सवय होती, ती मान वर करून पाहतही नसत. ही बाई मात्र हातातला डाव तसाच धरून उभी राही आणि तिची नजर आधी दाराकडे, मग पोरांकडे जाई. ओठ हलत, कारण ती पोरं मोजत असे. मोजणी पुरी झाली की पुन्हा डाळ ढवळायला लागे. पुढे ओळख वाढली तेव्हा तिने सांगितलं की रात्री कुत्रं भुंकलं तर ती चुलीतला निखारा राखेने झाकते, म्हणजे बाहेरून घरात उजेड दिसू नये. तिच्या घरी एका रात्री लोक येऊन गेले होते त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. "बाई, ते गेले, पण माझं अंग मानत नाही," असं ती म्हणाली.

तिचा नवरा त्याच रात्री त्याच घरात होता. त्याला बाहेर नेलं, मारलं, पहाटे सोडलं. नंतर दुसऱ्या बाजूनेही चौकशी झाली. तो त्याबद्दल आजवर कुणाशीच बोललेला नाही. आधी तो बाजाराच्या दिवशी पीत असे, मग रोज प्यायला लागला. पोराच्या हातून भांडं पडलं तरी अंगावर धावून जाई. शेवटी ठेकेदाराबरोबर परमुलखात मजुरीला गेला आणि वर्षावर्षाने येऊ लागला. गाव म्हणतं, दारूने गेला. बायकोने दवाखान्यात छाती धडधडते, हातपाय गळतात, झोप येत नाही असं सांगितलं तेव्हा तिच्या कागदावर 'कमजोरी' लिहिलं गेलं. लोहाच्या गोळ्या मिळाल्या, एकदा सलाईन लागली. एका घरात एकाच रात्रीचे दोन रोगी होते. एकाच्या नावापुढे दारू लागली, दुसरीच्या नावापुढे कमजोरी, आणि दोन्ही निदानं खरी नव्हती.

डॉक्टरांकडे यासाठी नाव आहे: आघातोत्तर तणाव विकार, म्हणजेच पीटीएसडी. जिवावर बेतलेला प्रसंग होऊन गेल्यावर महिना उलटला तरी तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतो, स्वप्नात येतो. त्याची आठवण देणारी वाट, माणूस, आवाज टाळावासा वाटतो. मन सुन्न होतं, स्वतःलाच दोष देतं. अंग सतत सावध राहतं, झोप उडते, राग नाकावर येतो. या तक्रारी गावात आधीपासून सांगितल्या जातात, फक्त त्या 'घबराहट', 'बाहेरची बाधा', 'नजर' अशा नावांनी येतात आणि माणूस दवाखान्याऐवजी गुनियाकडे, म्हणजे गावच्या वैदू-मांत्रिकाकडे, जातो. गुनियाला नावं ठेवून काही होणार नाही. त्या बाईचं बसून ऐकणारा बहुधा तो एकटाच असतो.

आता स्त्री-पुरुषांमधल्या फरकाचं. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय पाहणीत जीवघेणा प्रसंग अनुभवलेले पुरुष ६०.७ टक्के होते आणि स्त्रिया ५१.२ टक्के. आयुष्यात कधीतरी पीटीएसडी झालेल्या स्त्रिया मात्र १०.४ टक्के निघाल्या आणि पुरुष ५ टक्के. प्रसंग पुरुषांवर जास्त आले आणि आजार स्त्रियांना दुप्पट झाला. आपल्याच देशातला दाखला काश्मीरचा आहे. एमएसएफ ही आंतरराष्ट्रीय डॉक्टरांची संस्था, काश्मीर विद्यापीठ आणि श्रीनगरची मानसिक आरोग्य संस्था यांनी २०१५ मध्ये खोऱ्यात घरोघर पाहणी केली. नैराश्याची लक्षणं ५० टक्के स्त्रियांत आणि ३७ टक्के पुरुषांत आढळली, चिंताविकाराची ३६ आणि २१ टक्क्यांत, तर पीटीएसडीची २२ आणि १८ टक्क्यांत. दुखणं दोघांचंही आहे, ओझं बायकांवर जास्त आहे, आणि बायकांचं बरंचसं ओझं नैराश्य व चिंतेच्या रूपात दिसतं. नुसता 'पीटीएसडी आहे का' एवढाच रकाना ठेवला तर तेवढं ओझं नोंदीतून निसटून जाईल.

यावरून कुणी 'बाईमाणूस मनानं कच्चंच' असं म्हणायला धावू नये. २००६ मध्ये टॉलिन आणि फोआ या संशोधकांनी पंचवीस वर्षांचे अभ्यास एकत्र करून तपासले. अपघात, मारहाण, युद्ध अशा प्रसंगांनंतर स्त्रियांत हा विकार अधिक दिसला, पण लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तो फरक तसा उरला नाही. ती जखम पुरुषाला झाली तर तोही तितकाच कोसळतो. ती बायकांच्या वाट्याला जास्त येते, हे पहिलं कारण. सशस्त्र संघर्षात तर प्रत्यक्ष अत्याचार झाला नाही तरी त्याची धास्ती घरात वस्तीला असते. रात्री दार वाजलं की नवऱ्याला वाटतं, मला नेतील. बायकोला वाटतं, याला नेतील, आणि मग माझं आणि पोरीचं काय होईल?

दुसरं कारण प्रसंगानंतरच्या दिवसांत आहे. प्रसंग किती भयंकर होता यापेक्षा त्यानंतर आधार मिळाला का आणि रोजच्या विवंचना वाढल्या का, यावर हा आजार पुष्कळ अवलंबून असतो, असं जगभरच्या अभ्यासांतून दिसलं आहे. इथे मारले गेले ते बहुतेक पुरुष, आणि त्यांच्या विधवा मागे राहिल्या. ज्याला मुखबिर ठरवून मारलं त्याच्या घरी बसायला यायलाही लोक घाबरत. ज्याला माओवाद्यांचा माणूस ठरवलं त्याच्याही घरी तेच. दुःखाच्या वेळी गावाने पाठ फिरवली, ही जखम बाईच्या मनात नवऱ्याच्या मरणाइतकीच खोल गेली.

तिसरं कारण आमच्या जंगलाचं आहे आणि ते शहरातल्या डॉक्टरांच्या लवकर ध्यानात येत नाही. भीतीची जागा टाळावीशी वाटणं हे या विकाराचं मुख्य लक्षण. पुरुषाला ती जागा टाळता येते. तो नागपूरला, हैदराबादला मजुरीला निघून जातो. बाईला टाळता येत नाही. मोहफुलं पहाटे अंधारातच वेचावी लागतात, तेंदूपत्ता मे महिन्याच्या उन्हात त्याच डोंगरावर तोडावा लागतो, सरपणाला त्याच वाटेने जावं लागतं जिथे कुणाचं तरी प्रेत आणि त्याच्याशेजारी पर्चा, म्हणजे माओवाद्यांचं पत्रक, सापडला होता. गेली तर रोज तोच दिवस पुन्हा भोगायचा, नाही गेली तर चूल पेटत नाही. भीतीमुळे मोहाचा एक हंगाम बुडाला तर त्या घराचं वर्ष कसं जातं, हे आपल्यापैकी कुणाला मी सांगायला नको.

पुरुषांचं दुखणं कमी आहे असं मी म्हणत नाही. ते वेगळ्या दाराने बाहेर पडतं: दारू, संताप, हाणामारी, घर सोडून जाणं, कधी गळफास. पुरुषाला 'भीती वाटते का' असं विचारलं तर तो नाही म्हणणार. 'झोप लागते का, किती पिता, घरात कुणावर हात उचलता का' असं विचारलं तर कदाचित खरं सांगेल. त्याच्यावर उपचार झाले नाहीत तर त्याचा आजार अखेर बायकोच्या पाठीवर उमटतो. म्हणून या दोन दुखण्यांची नोंद वेगळी हवी आणि इलाज बरोबरीने हवा.

पीटीएसडी हा शब्द निघाला की आजही डोळ्यांसमोर सैनिक उभा राहतो. अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० मध्ये हे निदान मान्य केलं, त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा मोठा रेटा होता. पण त्याच्या सहा वर्षं आधी, १९७४ मध्ये, बोस्टनच्या एका रुग्णालयात अॅन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या दोघींनी बलात्कार झालेल्या स्त्रियांशी बोलून तशाच लक्षणांची नोंद केली होती. सैनिक संघटित होते, त्यांचं सरकारदरबारी ऐकलं गेलं. या पट्ट्यातही आधी जवानांचा आणि शरण आलेल्यांचा विचार होणं स्वाभाविक आहे, आणि त्या दोघांनाही मानसोपचार मिळायलाच हवेत. दलममध्ये मुलीही होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये बालाघाटच्या जंगलात झालेल्या चकमकीत मारल्या गेलेल्या चौघीही बायका होत्या. ज्या जिवंत परतल्या त्यांनाही उपचारांची गरज आहे. पण ज्यांनी कधी बंदूक धरलीच नाही त्यांची संख्या या सगळ्यांहून कितीतरी मोठी आहे, आणि त्यांची कसलीच संघटना नाही.

न विचारल्यामुळे बायकांची दुखणी कशी लपून राहतात, हे विदर्भाने जगाला दाखवून दिलेलं आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ती प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. सरकारी कागदांत तोवर तो प्रश्नच नव्हता. गावात जाऊन, बायकांचा विश्वास मिळवून, बाईनेच विचारलं तेव्हा तो दिसला. मनाच्या दुखण्याचं आज तेच झालं आहे. म्हणून आपल्या दोघांकडे काही ठोस मागण्या करते.

पहिली मागणी मोजणीची. बालाघाट, मंडला, गोंदिया, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या माओवादग्रस्त गावांत दोन्ही राज्यांनी मिळून मानसिक आरोग्याची घरोघर पाहणी करावी. बंगळूरूच्या निम्हान्ससारख्या मानसिक आरोग्य संस्थेची मदत घ्यावी. स्त्री-पुरुषांची आकडेवारी वेगळी मांडावी आणि त्यात नैराश्य, चिंता, व्यसन, घरातली मारहाण हेही यावं. प्रश्न गोंडीत आणि बैगांच्या बोलीत तयार व्हावेत. बाईला बाईने विचारावं, आणि घरातला पुरुष समोर नसताना विचारावं.

दुसरी मागणी, हे काम पोलीस छावणीतून होऊ नये. बालाघाटमध्ये पोलिसांनी एकल सुविधा केंद्रं उघडली, तिथे दाखले आणि योजनांची कामं होतात, हे चांगलंच आहे. पण जिला वर्दीची आणि बंदुकीची भीती बसली आहे ती आपली भीती सांगायला छावणीची फाटकं ओलांडणार नाही. अंगणवाडी, शाळा, आठवडी बाजाराच्या दिवशी आरोग्य केंद्र, याच जागा बऱ्या. आणि जे सांगितलं जाईल ते कोणत्याही तपासाच्या कागदात जाणार नाही, याची लेखी हमी द्यावी. त्याशिवाय कुणी तोंड उघडणार नाही.

तिसरी मागणी, गावातल्याच बायकांना शिकवून तयार करा. मानसोपचारतज्ज्ञ टोल्यापर्यंत पोहोचण्याची वाट पाहत बसलो तर एक पिढी जाईल. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिल्यावर नैराश्याच्या रुग्णांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यात तालिबानच्या काळानंतर ६१२ स्त्रियांचा अभ्यास झाला. तज्ज्ञ नसलेल्या स्थानिक बायकांनी गट चालवले, पाच बैठकांत ताण हाताळण्याच्या साध्या रीती शिकवल्या, आणि गटात आलेल्या स्त्रियांची चिंता व नैराश्य कमी झालं. तो अभ्यास २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. स्वातच्या डोंगरात जे जमलं ते बैहरच्या आणि सालेकशाच्या डोंगरात का जमू नये? इथे बचत गट आधीपासूनच आहेत. फक्त हे काम आशाताईंच्या डोक्यावर फुकटचं ओझं म्हणून टाकू नका. त्याचा वेगळा मोबदला द्या, आणि त्यांच्या पाठीशी महिन्यातून ठरल्या दिवशी येणारा तज्ज्ञ ठेवा.

चौथी मागणी पुरुषांसाठी. व्यसनमुक्तीचं शिबिर घेताना 'दारू सोडा' एवढंच सांगून भागणार नाही. तो कशामुळे प्यायला लागला हे विचारणारा माणूस तिथे हवा. मजुरीला गेलेले पुरुष होळीला आणि पोळ्याला घरी येतात, तेव्हाच ही शिबिरं घ्यावीत.

पाचवी मागणी फोनबाबत. 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तो उपयोगी आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, २०१९-२१ मध्ये मध्य प्रदेशात स्वतः वापरता येईल असा मोबाइल फक्त ३८.५ टक्के स्त्रियांकडे होता. नवऱ्याच्या खिशातल्या फोनवरून बाई कुणाशी काय बोलणार? प्रत्येक आरोग्य केंद्रात एक फोन आणि आडोशाची एक खोली ठेवा, आणि पलीकडे गोंडी समजणारं माणूस बसवा.

हे आम्ही मेहेरबानी म्हणून मागत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम १८ ने प्रत्येक नागरिकाला सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क नागपूरच्या रहिवाशाला जितका आहे तितकाच टोल्यावरच्या बैगा बाईला आहे. मध्य प्रदेशच्या २०२३ च्या नक्षलविषयक धोरणाच्या नावातच आत्मसमर्पण आणि पुनर्वसनाबरोबर 'राहत', म्हणजे दिलासा, हा शब्द आहे. त्यात मनाच्या उपचारांचं स्वतंत्र कलम घालायला नवा कायदा लागत नाही, एक शासन आदेश पुरतो. महाराष्ट्रालाही गोंदिया-गडचिरोलीसाठी तसाच आदेश काढता येईल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार संघर्ष झालेल्या भागात शंभरातल्या बावीस जणांना कुठला ना कुठला मानसिक आजार असतो. आपल्या पट्ट्याचा आकडा कमी निघाला तर आम्हाला आनंदच होईल. पण तो मोजून निघालेला असावा. शस्त्रं किती जमा झाली, शरण किती आले, याचा हिशेब आपण चोख ठेवलात. तसाच हाही हिशेब येत्या अर्थसंकल्पाआधी विधानसभेच्या पटलावर ठेवा, दोन रकान्यांत: स्त्रिया इतक्या, पुरुष इतके, उपचार इतक्यांना सुरू. ते रकाने पहिल्यांदा भरले जातील त्या दिवशी आम्हीही गावोगाव म्हणू की लढाई संपली. गावं दाखवायला, बायकांना एकत्र आणायला, भाषा समजावून द्यायला आमच्यासारखी निवृत्त माणसं इथे पुष्कळ आहेत. आपण हाक द्या, आम्ही येतो.



आपली,
मलाजखंड इथली एक निवृत्त शिक्षिका